दोन्ही खांदे टेकेपर्यंत

वजनकाट्याचा काटा चौऱ्याहत्तरच्या अलीकडे येऊन थरथरत थांबला आणि तालमीत टाळ्या वाजल्या.

दोन वर्षे मी त्या आकड्याच्या मागे होतो. जिल्हा निवड चाचणीत चौऱ्याहत्तर किलोच्या गटात मी उतरावे ही हिंदुराव वस्तादांची इच्छा होती. माझे शरीर मात्र अठ्ठ्याहत्तरच्या खाली यायला राजी नव्हते. भर उन्हात स्वेटर घालून मी वारणेच्या बांधावरून धावलो होतो, संध्याकाळचे जेवण सोडले होते, चाचणीच्या आदल्या दिवशी पाणी नुसते तोंडात खळबळून थुंकले होते. काटा हलला नव्हता. त्या वर्षी दिवाळीनंतर तो आपण होऊन हलला. दूध, तूप, बदाम सारे पूर्ववत चालू असताना हलला. वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भोवतीच्या पोरांना म्हणाले, "बघा रं. ह्याला म्हणत्यात मन मारणं."

मी मन मारले नव्हते. पण स्वतःसाठी वाजणारी टाळी थांबवून खुलासा करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मी तर तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

माझे नाव सुकुमार मगदूम. पैलवानाला हे नाव शोभत नाही, हे मला आजवर पुष्कळांनी सांगितले आहे. आमच्याकडच्या जैन घरांत ते सर्रास ठेवतात, आणि ज्यांनी ठेवले त्यांनी माझी मान पाहिली नव्हती.

तालमीत शरीराच्या प्रत्येक तक्रारीला तालमीतलेच उत्तर असते. त्या हिवाळ्यात माझ्या अंगाला खाज सुटे, इतकी की अंघोळीनंतर पायांवर ओरखडे उठत. वस्ताद म्हणाले की यंदा मातीत कडुनिंब कमी पडला. त्यांनी दोन पोती पाला आणवून, वाटून, हळद-कापरासह हौदात, आखाड्याच्या मातीत, मिसळला. डाव्या बाजूला, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, सुपारीएवढी एक गाठ हाताला लागू लागली. ती दुखत नव्हती. खडाखडीत, म्हणजे माना धरून रेटताना, मानेवर हात पडून पडून शीर धरली आहे, असा निर्वाळा देऊन वस्तादांनी रोज सकाळी स्वतःच्या अंगठ्याने ती तेल लावून चोळायला घेतली. ते चुकले, पण आळसाने चुकले नाहीत. त्यांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जितक्या माना पाहिल्या होत्या तितक्या कोणत्या डॉक्टराने पाहिल्या असतील याची मला शंका आहे. फक्त त्या सगळ्या निरोगी माना होत्या.

त्या तालमीचा एक कायदा सांगून ठेवतो. कुस्ती चितपट होते ती प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला टेकल्यावर. समोरचा पालथा पडला, दमला, हलेनासा झाला, तरी तो हरलेला नसतो. अशा पालथ्या गड्यावरून उठून जो पोरगा जिंकल्याचा हात वर करी, त्याला वस्ताद सगळ्यांदेखत एक थोबाडीत देत आणि मग पाय थरथरेपर्यंत बैठका काढायला लावत. बाकीच्या गुन्ह्यांना माफी मिळे, याला नसे.

गाठीला आजार असे प्रथम म्हणाला तो दस्तगीर नायकवडी. तो मिरजेच्या एका तालमीचा मल्ल, वयाने माझ्याएवढाच. चैत्रातल्या आमच्या जत्रेच्या मैदानात शेवटच्या कुस्तीची जोड आमची दोघांची लागली होती. प्रतिस्पर्धी असूनही तो अधूनमधून सरावाला येई; वस्तादांना त्याचा घुटना पाहायला आवडे. पालथ्या गड्याच्या मानेवर गुडघा रोवून त्याला उलटवण्याच्या त्या डावात त्याचा हात धरणारा आमच्या तीन तालुक्यांत नव्हता. पौषातल्या एका सकाळी आम्ही खडाखडीला लागलो. त्याचा पंजा माझ्या मानेवर बसला, बोटे डावीकडे सरकली, आणि त्याने पकड सोडली. पकड सोडणारा दस्तगीर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"गाठ हाय तुला," तो माझ्या कानाशी म्हणाला. "कधीची?"

मी म्हणालो, शीर आहे.

"माझ्या आत्तीला हितंच हुती. शीर न्हवती. दाखीव."

त्याने हे वस्तादांनाही सांगितले, आणि वस्ताद संतापले. दुसऱ्या तालमीचा पैलवान जोड लागल्यावर आपल्या पोराला आजारी म्हणतो, त्याचा अर्थ लावायला त्यांना डॉक्टर लागत नव्हता. पण मी तालुक्याला जाऊन दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी गाठ काढून तपासण्यासाठी मला मिरजेच्या रुग्णालयात धाडले. लोखंड लागले की गाठ पसरते, असे आईने शेजारणींकडून ऐकले होते. ती माझा हात धरून बसली. मी तिला विचारले की रोज सकाळी अंगठ्याने रगडून जी पसरली नाही ती सुरीने कशी पसरेल?  आई रडली आणि तिने हात सोडला.

अहवाल ऐकायला आम्ही तिघे गेलो होतो: मी, वडील आणि वस्ताद. मिरजेच्या डॉक्टर हेर्लेकर बाई अंगाने किरकोळ होत्या आणि शब्दाला मऊपणा आणण्यात वेळ घालवत नसत. त्या तोंड उघडणार तोच वस्ताद म्हणाले, "बाई, पोराला जरा भाईर बसवा. आपण मोठी माणसं बोलू."

"हौदात मी उतरायचं आणि जोड तुमी भाईर ठरवायची," मी म्हणालो, "ह्ये जत्रंत चालतंय, वस्ताद. हितं न्हाई."

बाईंनी विचारले की यांच्यात पेशंट कोण. मी म्हणालो, मी. "मग तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, "आणि बाकीच्यांनी बसायचं की नाही ते तुम्ही सांगा."

मी दोघांनाही बसू दिले. तो माझ्या आयुष्यातला पहिला निवाडा.

आजाराचे नाव हॉजकिन लिम्फोमा. तो रक्ताच्या घराण्यातला, लसिका ग्रंथींचा कर्करोग. बाईंनी 'कर्करोग' हा शब्द टाळला नाही, आणि तो उच्चारल्यावर त्या थांबल्याही नाहीत. रोग दोन ठिकाणी होता, मानेत आणि काखेत. दोन्ही डावीकडे आणि दोन्ही श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, वर. म्हणून टप्पा दुसरा, आणि दुसरा म्हणजे अजून लवकरचाच. ताप नाही, रात्री कपडे भिजवणारा घाम नाही. वजन उतरले होते, परंतु धोक्याच्या खुणेइतके नाही. खाज याच रोगाची होती. कडुनिंबाची दोन पोती माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि वस्तादांच्याही आली असावीत, कारण त्यांनी मान खाली घातली.

मी वाद घालायला लागलो. भीती वाटली की मला वाद सुचतो. हा माझा जन्मजात दोष आहे आणि मी तो घालवण्याचा प्रयत्न केलेला नाही. दुसरा टप्पा म्हणजे रोग एक पायरी चढून आला, मग तो लवकरचा कसा? बाई म्हणाल्या, पायऱ्या चार आहेत आणि श्वासपटल हा मधला दरवाजा आहे. तो त्याने ओलांडलेला नाही. बरे किती जण होतात? या टप्प्यावर शंभरातले नव्वदांच्या आसपास. उरलेले दहा?

"त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. त्यांच्यातलेही पुष्कळ बरे होतात."

"मी नव्वदांत का दहांत?"

"ते आज मला सांगता येत नाही. छातीठोक सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका."

माझे वडील दूध संस्थेत काम करत आणि बायकांपुढे सहसा बोलत नसत. बाईंच्या बोलण्यात 'पाच वर्षे' हे शब्द आले होते, ते त्यांनी एकट्यानेच धरून ठेवले होते. त्यांनी विचारले, "पाच वर्सं म्हंजे... पाचच?"

"नाही काका," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "पाच वर्षं आम्ही त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवणार. तोवर परतला नाही, तर पुढं परतण्याची शक्यता फार थोडी. पाच वर्षांनी काही संपत नाही. माझ्याकडचे या वयाचे पेशंट आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडतात."

उपचार त्यांनी असा मांडला: चार औषधे, दर पंधरवड्याला शिरेतून, चार महिने, मध्यावर पुण्याला एक स्कॅन, शेवटी मानेला आणि काखेला काही दिवस किरणोपचार. मी प्रत्येक औषधाचे दुष्परिणाम विचारले. त्यांतले एक क्वचित फुफ्फुसांना इजा करते असे कळल्यावर मी म्हणालो की दम हेच माझे भांडवल आहे, ते औषध वगळा. त्या म्हणाल्या की आज वगळणार नाही. स्कॅन स्वच्छ आला तर पुढच्या दोन महिन्यांत वगळता येईल, आणि तेव्हा आपण पुन्हा भांडू. मला ही बाई आवडली.

मग त्यांनी सांगितले की ही औषधे पुढे बाप होण्याच्या आड येऊ शकतात. शक्यता कमी आहे, तरी उपचारापूर्वी वीर्य काढून गोठवून ठेवावे. चाळीस वर्षे पहाटे पाचला पोरांना वीर्य सांभाळा म्हणून बजावत आलेले हिंदुराव वस्ताद एका बाईच्या तोंडून ते बर्फात कसे सांभाळतात हे ऐकत होते. त्यांच्या तुटक्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, हात जोडले आणि बाहेर जाऊन बसले. मला बाहेर काढायला आलेला माणूस असा स्वतःच्या पायांनी गेला. त्या दिवशी मी हसलो तो एवढ्यावरच.

परतीच्या वाटेवर वस्तादांनी ठरवले की गावात मूतखडा म्हणून सांगायचे. त्यांचा हेतू चांगला होता. कर्करोगाचे नाव ऐकून कोणी माझ्याशी जोड लावायला तयार होणार नाही, आणि पुढे कोणी मुलगी द्यायलाही. एसटीतून उतरल्यावर तालमीच्या दारात पोरे जमली होती. त्यांनी विचारले आणि मी सांगितले: कर्करोग, दुसरा टप्पा, चार महिने औषधे, पुढच्या वर्षी पुन्हा माती. हे मी इतक्या मोठ्याने सांगितले की समोरच्या पानपट्टीवाल्याने रेडिओ बारीक केला.  तरी जत्रेच्या मैदानाच्या भित्तीपत्रकावरून वस्तादांनी माझे नाव काढले नाही, आणि तो आमच्या भांडणाचा आरंभ होता.

औषधांविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी घेतली आहेत त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी घेतली नाहीत त्यांना लिहून कळणार नाही. केस गेले, मिशी गेली, तोंडात असे फोड आले की ताकसुद्धा तिखट लागे. माती वर्ज्य होती. पांढऱ्या पेशी उतरल्या की मातीतला एखादा किरकोळ जंतूही ताप आणील आणि तो ताप जिवावर बेतेल, असे बाईंनी बजावले होते. मी तालमीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसे आणि आतल्या पोरांच्या चुका काढी. त्या काळात माझ्याइतके कोणी कोणाला छळले नसेल.

दोन महिन्यांनी पुण्याचा स्कॅन झाला. स्वच्छ आला. मानेत काही चमकत नव्हते, काखेतही नाही. बाईंनी शब्द पाळला: फुफ्फुसांना जपण्यासाठी एक औषध थांबवले. उरलेली तीन मात्र पुढे दोन महिने, आणि त्यानंतर किरण.

गाठ गेल्याची बातमी गावात माझ्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी वस्ताद घरी आले. एका हातात म्हशीच्या दुधाची किटली, दुसऱ्या हातात भिजवलेल्या बदामांची वाटी. सोप्यात बसून त्यांनी माझी मान डाव्या बाजूने चाचपली, जोर देऊन, सावकाश. त्यांच्या अंगठ्याला काही लागले नाही. त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी फेट्याच्या मागे सोडलेल्या शेमल्याने पुसले.

मग ते कामाचे बोलू लागले. जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. मी मैदानात उतरलो नाही तर पंच दस्तगीरला न लढताच पुढे चाल देणार, आणि गाव वर्षभर म्हणत राहणार की मगदुमाचा पोरगा घाबरला. त्यांनी दस्तगीरच्या वस्तादाशी बोलणे केले होते. फक्त खडाखडी. दोघांनी माना धरायच्या, थोडे रेटायचे. मग वस्ताद स्वतः हौदात येऊन जोड सोडवतील आणि कुस्ती बरोबरीत सुटेल. मला हरण्यासाठी अंग टाकायचेसुद्धा नव्हते. त्यासाठी एक करायचे: जत्रेच्या आठवड्यातली सलाइन आणि तिच्या आधीची, अशा दोन सोडायच्या, म्हणजे अंगात ताकद येईल.

"गाठ गेली म्हणत्यात न्हवं तुझ्या बाई?" ते म्हणाले.

"गेली."

"मग आता कुणासंगं लढतोयस?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की हा प्रश्न तिचाही आहे. कदाचित तिनेच तो वस्तादांच्या तोंडी दिला असावा. पोराने आणखी दोन महिने ओकावे असे कोणत्या आईला वाटते? वडील पायरीवर पाठ करून बसले होते, पण त्यांची पाठ ऐकत होती. आणि मी खरे सांगतो, मलाही तो प्रश्न पडला होता. आदल्या आठवड्यात आरशात मी मान पाहिली होती. तिच्यावर सुरीचा एक व्रण होता, दुसरे काही नव्हते. पैलवान दिसणाऱ्या गोष्टीशी लढतो.

मी म्हणालो, "वस्ताद, शिवाप्पाला आठवा."

शिवाप्पा हा आमच्या तालमीतला, माझ्या आधीचा. त्याने एका मैदानात गडी पालथा पाडला आणि तो हलेना म्हणून उठून हात वर केला. गड्याने खालूनच त्याचा पाय ओढला आणि त्यालाच चीत केले. पुढची दोन वर्षे तालमीत शिवाप्पाला कोणी नावाने हाक मारली नाही.

"त्याचं काय?"

"त्याला तुमी काय म्हणाला हुता?"

 वस्ताद मला ओळखत होते, आणि आपल्याला कुठे नेले जात आहे हेही त्यांनी ओळखले.

"पालथ्यावरनं हात उचलू नको," मी म्हणालो. "तुमीच म्हणाला हुता. हलत न्हाई म्हणून मेला असं न्हाई. ह्यो माझा गडी पालथा पडलाय, वस्ताद. दिसत न्हाई, हलत न्हाई. बाईंच्या मशिनीलाबी दिसत न्हाई. पण त्याचं खांदं टेकल्यालं न्हाईत. त्ये टेकवायला दोन म्हैनं आणि किरणं लागत्यात. आणि तुमी मला म्हणताय, ऊठ आणि हात वर कर."

"तीन आठवड्यानं काय फरक पडतोय?"

"शिवाप्पानं बी तेवढंच इचारलं हुतं."

ते उठले. किटली आणि वाटी तिथेच ठेवून उंबऱ्यापर्यंत गेले. मी त्यांना पाठीमागून सांगितले की बरोबरीची कुस्ती नाकारायला दुसरेही एक कारण आहे: मी आजवर ठरवून कुस्ती सोडवलेली नाही, आणि आजारी आहे म्हणून ती सवय लावून घेणार नाही. हे बोलायला नको होते असे आईचे मत होते. माझे तसे मत नव्हते आणि नाही.

वस्ताद जत्रेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

जत्रेच्या आठवड्यातली सलाइन मी घेतली. बाईंना विचारले की मैदानात जाऊ का. त्या म्हणाल्या, रक्ताच्या पेशी बऱ्या आहेत म्हणून परवानगी देते. तोंडाला मास्क, कडेला उभे राहायचे, लवकर परतायचे, आणि मातीला हात लावायचा नाही. "हात म्हणजे हातच," त्या म्हणाल्या. "एका बोटाचाही वाद नको."

मैदान नदीकाठच्या माळावर भरले होते. हलगी कडकडत होती. शेवटच्या कुस्तीचा पुकारा झाला तेव्हा ऊन उतरले होते. दस्तगीर हौदाला फेरी घालून मध्ये येऊन उभा राहिला. निवेदकाने माझे नाव घेतले, पुन्हा घेतले. माणसे कुजबुजू लागली. मिरजेच्या बाजूने कोणीतरी ओरडले की मगदूम मूतखडा शोधायला गेला का. हशा पिकला. वस्तादांची मूतखड्याची कथा माझ्या ओरडण्यावरही मात करून तिथवर पोचली होती.

मी दोरीखालून आत गेलो. अंगात पांढरा शर्ट आणि पँट, पायांत चपला, तोंडाला मास्क. हौदाच्या कडेशी, माती जिथे संपते तिथे थांबलो आणि टोपी काढली. शर्टाचे वरचे बटण सोडून गळपट्टी डावीकडे ओढली. हशा थांबला. डोक्यावर एक केस नव्हता, भुवयाही नव्हत्या, आणि मानेवरचा व्रण अजून तांबडा होता.

निवेदकाने माइक माझ्यापुढे धरला. मला जे म्हणायचे होते ते फार मोठे नव्हते. मी म्हणालो, "माझी एक कुस्ती चालू हाय. गडी खाली हाय, खांदं टेकायचं ऱ्हायल्यात. ती सोडून मी दुसरी धरत न्हाई. दस्तगीरला पुढं चाल द्या."

पंच निकाल देणार होते. पण त्याआधी दस्तगीर चालत आला. कुस्तीपूर्वी दोघे मल्ल एकमेकांच्या हातात चिमूटभर माती देतात. ती घेतली की जोड मान्य. त्याने वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"पुढं चाल नगं मला," तो म्हणाला. "जोड तशीच ठेवा. पुढच्या साली."

हजारो माणसे पाहत होती. हात पुढे करणे हे माझ्या शरीराला श्वास घेण्याइतके पाठ होते, आणि माझा उजवा हात खांद्यापासून निघालाही होता. मी तो मागे घेतला आणि पाठीशी दाबून धरला. त्याहून अवघड डाव मी आयुष्यात केलेला नाही.

"घेता येत न्हाई," मी म्हणालो. "माती मना हाय."

त्याची मूठ तशीच राहिली. नाकारलेली माती परत खाली टाकणे म्हणजे जोड मोडणे, आणि त्याला ती मोडायची नव्हती. मिरजेकडची माणसे पुन्हा काही पुटपुटू लागली.

तेव्हा माझ्या डाव्या बाजूने एक हात पुढे आला. नखे तुटलेला, बोटे वाकडी झालेला, मला लहानपणापासून ओळखीचा. हिंदुराव वस्तादांनी दस्तगीरच्या मुठीखाली ओंजळ धरली. माती घेतली, कपाळाला लावली, फेट्याचा शेमला पुढे ओढून त्यात तिची गाठ मारली. मग ते पंचांकडे वळून म्हणाले, "माती म्या घेतली हाय. पुढच्या साली ह्यो देईल. लिवा तसं."

ते माझ्याकडे वळले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "चपला घालून हौदापाशी आलास. लाज न्हाई." तीन आठवड्यांतले ते त्यांचे पहिले वाक्य होते.

मी उरलेली औषधे घेतली आणि किरणेही. शेवटच्या दिवशी हेर्लेकर बाईंना विचारले की आता खांदे टेकले का. त्यांना संदर्भ ठाऊक नव्हता, मी सांगितला. त्या जरा विचार करून म्हणाल्या की टेकले असे दिसते, पण पंच अजून पाच वर्षे हौदातच उभा राहील. ती पाच वर्षे आता मागे पडली. वर्षातून एकदा मी जातो. त्या मान चाचपतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालतो.

उपचारानंतरच्या पहिल्याच चैत्रात ती कुस्ती झाली. वस्तादांनी ट्रंकेतून तो फेटा काढला, शेमल्याची गाठ सोडली आणि वर्षभराची वाळलेली माती माझ्या तळहातावर ठेवली. मी ती दस्तगीरच्या हातात दिली. त्याने माझी दया केली नाही. केली असती तर मी त्याला कधी क्षमा केली नसती. खडाखडीत त्याचा पंजा पुन्हा डाव्या मानेवर बसला, आणि या वेळी त्याने पकड सोडली नाही. मी वाकून त्याच्या पायांचा पट काढला, त्याने तो तोडला. मी पालथा पडलो, त्याने घुटना ठेवला. दम मला शेवटपर्यंत पुरला, हे मी मुद्दाम नोंदवतो. मग त्याने मला उलटवले, हलगी बेभान झाली, आणि मला आमच्या माळावरचे अख्खे आभाळ दिसले. इतके मोठे, इतके निळे की काही क्षण मला उठावेसे वाटेना.

पंचांनी चितपट दिली. वस्तादही म्हणतात की ती चितपट होती. आता त्यांना नीट दिसत नाही, तरी या मुद्द्यावर त्यांची खात्री पक्की आहे, आणि दस्तगीर तर भेटेल तेव्हा आधी हेच बोलतो. परंतु या तिघांनीही एक वस्तुस्थिती लक्षात घेतलेली नाही. किरणांनी माझ्या मानेची डाव्या बाजूची कातडी त्या वर्षी ओढल्यासारखी झाली होती, त्यामुळे तो खांदा पुरता मागे पडणे शक्यच नव्हते. मी हेर्लेकर बाईंकडे तसा दाखला मागितला होता. त्या पोट धरून हसल्या आणि दाखला दिला नाही. दाखला नसेना का. मी तिथे होतो, खांदा माझा होता, आणि डावा खांदा टेकला नव्हता.